लास पिन्यासचा बांबूचा ऑर्गन

फिलिपिन्समध्ये मनिलाच्या दक्षिणेला लास पिन्यास इथल्या सेंट जोसेफ चर्चमध्ये शिरलात की पाठ फिरवून वर माळ्याकडे बघा. नळ्यांत हवा सोडून वाजवायचा हा ऑर्गन तिथे आहे. एकूण 1031 नळ्या, त्यातल्या 902 बांबूच्या आणि फक्त 129 धातूच्या.

दिएगो सेरा या स्पॅनिश धर्मगुरूंनी 1816 मध्ये काम हाती घेतलं. तोडलेला बांबू त्यांनी आधी समुद्रकाठच्या वाळूत पुरून ठेवला. बांबूतल्या साखरेवर आणि पिठूळपणावर कीड येते. आपल्या कोकणात काठ्या ओढ्यात बुडवून ठेवतात, त्यामागेही हेच कारण. वाळूतून जो धड निघाला, तोच नळ्यांसाठी वापरला.

1821 मध्ये ऑर्गन वाजू लागला, पण कर्ण्यांच्या नळ्या राहिल्या होत्या. बांबूची नळी म्हणजे उभी बासरी: हवा नळीच्या तोंडाच्या कडेवर आपटते आणि सूर निघतो. कर्ण्याला थरथरणारी धातूची पत्ती लागते, आणि तो खणखणीतपणा बांबूत येईना. शेवटी 1824 मध्ये ते धातूचे बसवले. समोर आडवे, तोफांसारखे रोखलेले दिसतात ते हेच.

सुरात लावणाऱ्याची खरी डोकेदुखी इथेच. उकाडा वाढला की बासरीजातीच्या नळ्या चढतात, एका अंश सेल्सियसला साधारण 3 सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग). पत्तीवाल्या जवळजवळ जागच्या जागी राहतात. मग ऐकणाऱ्याला कर्णे उतरल्यासारखे वाटतात. 902 नळ्यांना कोण हात लावणार! पत्तीवरची तार हलक्या ठोक्याने खाली सरकवायची. पत्तीचा हलणारा भाग आखूड होतो आणि सूर चढतो.

कळपट्टी एकच आहे, पण स्पॅनिश पद्धतीने मध्याशी दुभागलेली. डाव्या-उजव्या भागांचे खटके, म्हणजे कोणत्या जातीच्या नळ्या वाजायच्या ते ठरवणारे दट्टे, वेगळे. त्यामुळे उजव्या हाताला कर्णा आणि डाव्याला मऊ बासरी, असं एकाच पट्टीवर जमतं. पेटीवाल्यांनी हे जरूर बघावं.

भूकंप आणि वादळांनी हे वाद्य पुढे खिळखिळं केलं. 1973 मध्ये ते दुरुस्तीसाठी जर्मनीत बॉनच्या क्लाइस कारखान्यात गेलं. तिथल्या कोरड्या हिवाळ्यात बांबू तडकला असता. फट पडली की हवा निसटते आणि नळी नुसती फुसफुसते. म्हणून फिलिपिन्सचं दमट हवामान राखणारी खास खोली तिथे तयार केली. 1975 मध्ये ऑर्गन परत आला.

जायचं तर फेब्रुवारीतल्या ऑर्गन महोत्सवाच्या सुमारास जा. बसताना मात्र कर्ण्यांच्या थेट माऱ्यात बसू नका. बांबूचा किंचित घोगरा, हवेशीर सूर त्यात बुडून जातो.