इन्व्हर्टरचं युनिट, मीटरचं युनिट: चेक मीटर बसवल्यानंतरची नोंद

छतावरच्या सौर यंत्रणेचा चेक मीटर, म्हणजे पडताळणीसाठी लावलेला वेगळा मीटर, एकदाचा बसला. पॅनेलच्या डीसीची एसी करणाऱ्या इन्व्हर्टरच्या एसी आउटपुटवर, एमसीबीच्या लगेच पुढे. क्लास 1 चा (म्हणजे साधारण एक टक्का चुकीच्या मर्यादेचा), मॉडबसवाला (आकडे वायरवरून वाचता येतात असा), येणारे आणि जाणारे युनिट वेगवेगळे साठवणारा. वीज कंपनीचा मुख्य नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली वीज मोजणारा) आधीपासून आहेच आणि शंभर अँपिअरचा क्लिप-ऑन सीटीही (करंट ट्रान्सफॉर्मर, वायरभोवती लावून प्रवाह मोजणारा) जागेवर ठेवलाय. म्हणजे आता एका घरात चार जण वीज मोजतात आणि चौघांचे आकडे वेगळे. एवढ्या नोंदींनंतर माझं मत असं झालंय की या तफावतीत मीटरच्या क्लासचा वाटा सगळ्यात कमी आहे. कुठे मोजतोय आणि किती वेळाने मोजतोय, खरा घोळ तिथे आहे.

आधी सोपं प्रकरण. इन्व्हर्टरचं अ‍ॅप चेक मीटरपेक्षा सतत थोडं जास्त दाखवतं. यात आश्चर्य नाही. इन्व्हर्टरच्या आतले सेन्सर मुख्यतः एमपीपीटी (पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढणं) आणि संरक्षणासाठी असतात, बिलासाठी नाही. बऱ्याच डेटाशीटमध्ये ऊर्जा मोजण्याची अचूकता दिलेलीच नसते, आणि दिली असली तर दोन ते पाच टक्क्यांच्या घरात. पण दिवसाची बेरीज शेजारी ठेवून फार काही कळत नाही. त्यापेक्षा आडव्या अक्षावर चेक मीटरचे वॅट, उभ्या अक्षावर इन्व्हर्टरचे वॅट घेऊन ठिपके काढा. रेषेचा चढ एकापेक्षा जास्त असेल तर ती गुणकाची चूक, एका आकड्याने भागलं की संपली. रेषा शून्यातून न जाता वरून जात असेल तर ती ऑफसेटची चूक, आणि ती भागाकाराने जात नाही. माझ्याकडे दोन्ही आहेत. म्हणून भर उन्हात गुणोत्तर स्थिर दिसतं आणि ढगाळ दिवशी टक्केवारी एकदम फुगते.

आता रात्रीची गंमत, कारण ही बऱ्याच जणांना छळते. अंधार पडल्यावर इन्व्हर्टरच्या वायरवर क्लॅम्प मीटर लावला तर 0.3 अँपिअर दिसतो. 230 व्होल्टने गुणलं की 69. इन्व्हर्टर झोपेत 69 वॅट खातोय असं वाटून झोप उडते. पण हे व्होल्ट-अँपिअर (व्हीए) आहेत, म्हणजे नुसता गुणाकार, खरे वॅट नाहीत. तो प्रवाह बहुतेक सगळा आउटपुट फिल्टरच्या कपॅसिटरचा, व्होल्टेजच्या जवळपास 90 अंश पुढे. खरा खप काही वॅटचाच.

अडचण अशी की अशा प्रवाहावर सीटीची फेज-चूक (प्रवाहाची लाट थोडी पुढे-मागे दाखवणं) उघडी पडते. पॉवर फॅक्टर (वॅट भागिले व्हीए) एक असताना एका अंशाच्या चुकीने वॅटमध्ये जेमतेम 0.015 टक्के फरक पडतो. पॉवर फॅक्टर 0.5 वर आला की तोच एक अंश तीन टक्के खातो. आणि रात्रीच्या त्या 69 व्हीएवर तीन अंशांची चूक म्हणजे सुमारे 3.6 वॅट, म्हणजे मोजायची गोष्ट जेवढी तेवढीच चूक. दोन तुकड्यांत उघडणारे मोठे सीटी इतक्या कमी प्रवाहावर तीन अंश सहज घसरतात. चूक एका बाजूला गेली तर खप दुप्पट दिसतो, दुसऱ्या बाजूला गेली तर ग्राफवर मध्यरात्री सौरनिर्मिती! यावर स्वस्त उपाय म्हणजे सीटीतून वायरचे चार वेढे घेणं. शंभरचा सीटी पंचवीसचा होतो, आकडा चारने भागायचा. (लाइनचं काम आहे, मेन स्विच पाडूनच.) क्लास 1 च्या मीटरलाही इथे मर्यादा आहेच: मूळ प्रवाह 5 अँपिअर असलेल्या थेट जोडणीच्या मीटरने 20 मिलीअँपिअरपासून मोजायला लागावं एवढीच अपेक्षा असते. पॉवर फॅक्टर एक धरला तर ते 4.6 वॅट.

पण माझ्या बेरजा सगळ्यात जास्त बिघडवल्या त्या इंडक्शन शेगडीने. मंद आचेवर बऱ्याच शेगड्या काही सेकंद पूर्ण ताकदीने चालतात, काही सेकंद बंद राहतात. समजा छतावरून सलग 1000 वॅट येतायत आणि शेगडी 2000 वॅटवर निम्मा वेळ चालू, निम्मा बंद. मिनिटाची सरासरी घेणाऱ्या लॉगरला (आकडे नोंदवणाऱ्या यंत्राला) इम्पोर्ट (ग्रिडमधून आलेली वीज) शून्य, एक्सपोर्ट (ग्रिडला गेलेली) शून्य दिसतं. दोन्ही बाजू क्षणोक्षणी वेगळ्या मोजणारा मीटर मात्र तासाभरात अर्धं युनिट आलं आणि अर्धं गेलं असं लिहितो. खोटं कोणीच बोलत नाही. अ‍ॅप म्हणतं शंभर टक्के सौर वीज घरातच वापरली, मीटर म्हणतो निम्मी. म्हणून आकडे ताडताना आधी इम्पोर्टमधून एक्सपोर्ट वजा करून बघा. वजाबाकी जुळली आणि बाजू जुळल्या नाहीत तर सेन्सर बदलून काही होणार नाही, लॉगरचा वेग वाढवा. त्याहून बरं म्हणजे वॅट वाचून स्वतः बेरीज करण्यापेक्षा मीटरच्या रजिस्टरमधले साठलेले युनिटच वाचा.

नेट मीटर तपासायला त्याचा लुकलुकणारा दिवा पुरतो. 3200 पल्सला एक युनिट असेल तर 1125 ला दोन लुकलुकींमधल्या सेकंदांनी भागलं की वॅट. स्थिर लोड लावून, अनेक पल्सचा वेळ एकत्र घ्यायचा.

मीटर वेडे होतात याचा पुरावा म्हणून 2017 चा नेदरलँड्सच्या ट्वेंटे विद्यापीठाचा आकडा हमखास पुढे येतो: मीटरने खऱ्यापेक्षा 582 टक्के जास्त दाखवलं. तो प्रयोग खरा आहे. पण नऊ मीटरपैकी सर्वात वाईट वाचन होतं ते, तेही डिमरवर चालवलेल्या दिव्यांच्या अतिविकृत प्रवाहावर. नेहमीच्या घरातल्या दोन-तीन टक्क्यांच्या फरकाला ते लावणं म्हणजे ओढूनताणून.

पुढचं काम तीन फेजचं. इन्व्हर्टर एकाच फेजवर आणि लोड तिन्हींवर असेल तर काही मीटर त्या क्षणी तिन्ही फेजची बेरीज करून मगच दिशा ठरवतात, काही प्रत्येक फेज वेगळी धरतात. माझा नेट मीटर कुठल्या जातीचा आहे ते बघायला दुसऱ्या फेजवर गीझर चालू करून दोन्ही रजिस्टर हलतात का हे पाहायचंय. कोणी हे आधी केलं असेल तर कुठल्या लोडवर फरक स्पष्ट दिसला ते सांगा.