मुधोळची वाट: ससा गेला, कुत्रं राहिलं

मिरजेहून कागवाड, अथणी, जमखंडी करत मुधोळला जायला गाडीने साडेतीन तास लागतात. कारखाने चालू असतील तर चार-साडेचार धरा, आणि अंधार पडल्यावर हा रस्ता शक्यतो घेऊ नका. उसाच्या ट्रॉल्यांना मागे दिवा असतोच असं नाही. आम्ही फेब्रुवारीच्या शेवटी, शाळूची काढणी चालू असताना गेलो. मुद्दामच, ‘मुधोळ हाउंड’ किंवा ‘कारवान’ म्हणतात त्या शिकारी कुत्र्यासाठी. या पट्ट्यातल्या सशाच्या शिकारीचा जुना हंगाम हाच. शाळू निघाला की रान उघडं पडतं, ते पावसापर्यंत उघडंच. सशाला लपायला बांधावरचं गवत आणि ओढ्याकाठची झुडपं एवढंच राहतं. होळी ते पाडवा या दिवसांत माणसांना सवड आणि कुत्र्याला धावायला जागा, दोन्ही असायचं.

अथणीपर्यंत अजून कोरडवाहू दिसतं. शाळू, हरभरा, मधेच करडईचा तुकडा. काळी जमीन नजर पोचेल तिथवर सपाट. कृष्णेचा पूल ओलांडला की चित्र पालटतं आणि दोन्ही बाजूंनी ऊस लागतो. वासावर नाही, नजरेवर धावणाऱ्या कुत्र्याच्या दृष्टीने या दोन रानांत फार मोठा फरक आहे, आणि सशाची शिकार का संपली याचं अर्धं उत्तर त्या पुलावरच मिळतं.

पद्धत समजल्याशिवाय हे कुत्रं समजत नाही, म्हणून ती आधी सांगतो. आपला ससा बीळ करत नाही. गवताच्या बुडाशी किंवा ढेकळांच्या आडोशाला उथळ खळगा करून तो दिवसभर कान पाठीवर पाडून बसतो. माणूस चार-पाच हातांवर आला तरी हलत नाही. भरवसा रंगावर. ताज्या लेंड्या आणि कुंपणाखालून पडलेली बारीक वाट पाहून जागा हेरायची. मग पाच-सहा जणांनी वीस-पंचवीस पावलांचं अंतर ठेवून ओळीने चालायचं, काठीने गवत झोडपत. हा हाकारा. कुत्री ओळीच्या मधोमध, दोन, दोरीवर. ससा उठला की लगेच सोडायची नाहीत. त्याला तीस-चाळीस पावलं जाऊ द्यायचं. यात सशावर दया वगैरे काही नव्हती. फार जवळून सोडलेलं कुत्रं पूर्ण वेगात सशावर जातं, ससा जागच्या जागी वळतो आणि कुत्रं तोल जाऊन कोलमडतं. खांदा निखळतो, नाही तर पायाचं बोट मोडतं.

दोन कुत्री का, तर ससा सरळ पळतच नाही. कुत्रं टप्प्यात आलं की तो काटकोनात हुलकावणी देतो. पंचवीस किलोच्या कुत्र्याला तेवढ्याच जागेत वळता येत नाही, ते लांबचा फेरा घेतं आणि पुन्हा मागे पडतं. दुसरं कुत्रं बाजूने येत असेल तर ही वळलेली वाट तेच पकडतं. ससा शक्यतो चढाकडे पळतो, कारण मागचे पाय लांब. उतारावर तेच पाय त्याला आडवे येतात. म्हणून जिथे वाघूर लावायची तिथे ती चढाच्या अंगाला, झुडपातल्या फटीत लावत. वाघूर म्हणजे सुतळीचं विणलेलं जाळं, खुंट्यांवर सैल टांगलेलं. ताणून बांधलं तर ससा आपटून मागे उडतो. सैल असेल तरच गुरफटतो.

एक पाठलाग दोन-तीन मिनिटांपलीकडे जात नसे. चार-पाच पाठलागांत एखादा ससा मिळाला तरी तो दिवस चांगला. दोन-अडीच किलोचा प्राणी, त्यात सहा घरांचे वाटे आणि कुत्र्यांना आतडी-काळीज. मटणाचा हिशोब कधीच जमणारा नव्हता. कुणाच्या जोडीने ससा आधी वळवला, याची चर्चा मात्र पुढच्या होळीपर्यंत पुरायची.

हे सगळं आज गुन्हा आहे. पण तो कसा झाला याबद्दल आपल्याकडे ढोबळ समजूत आहे की 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि शिकार बंद झाली. मूळ कायद्यात शिकारीचे परवाने होते: विशेष शिकार, मोठी शिकार, छोटी शिकार, आणि प्राणी जिवंत पकडण्याचा वेगळा. छोट्या शिकारीसाठी चौथी अनुसूची होती, ससा तिच्यात होता, तितर-लाव्हे होते. 1991 च्या दुरुस्तीने हे परवाने संपवले. गावातल्या किती जणांनी तो कागद कधी काढला असेल, हा भाग सोडा. सांगायचं एवढंच की कायद्याने दार पुरतं लावून घेतलं त्याच्या आधीच कालव्याचं पाणी रानात शिरलं होतं आणि उघडं रान उसाखाली गेलं होतं.

मुधोळ घटप्रभेच्या काठी आहे. घोरपड्यांचं संस्थान, 1948 मध्ये मुंबई प्रांतात विलीन झालं. 1956 पासून म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, आता बागलकोट जिल्ह्यात. मराठी इथे ऐकू येते, निदान म्हाताऱ्या माणसांकडून येतेच. गाव आदिकवी पंपानंतरच्या पिढीतल्या रन्न कवीचं म्हणून कन्नड लोकांना माहीत, आपल्याला कुत्र्यामुळे. संस्थानिक मालोजीराव घोरपड्यांनी ही जात हाताशी धरून निवडून वाढवली आणि त्यातली जोडी इंग्लंडच्या पाचव्या जॉर्जला भेट दिली, असं इथे सांगतात. तिथून ‘मुधोळ हाउंड’ हे नाव चाललं. कुत्रं मुळात मुधोळचं नाही. दख्खनभर, लातूर-नांदेडकडेही, ते ‘कारवान’ किंवा ‘कारवानी’ म्हणूनच ओळखतात. तांड्यांबरोबर आणि काफिल्यांबरोबर आलेलं म्हणून. कान-शेपटीला लांब केस असतील तर पश्मी. केनेल क्लब ऑफ इंडिया याला कॅरव्हान हाउंड म्हणून नोंदवतं, दुसरी संस्था मुधोळ म्हणून, आणि विकणारा गिऱ्हाईक पाहून नाव सांगतो.

कुत्रं पाहायचं कसं? खांद्यापाशी उंची नराची साधारण 68 ते 72 सेंटिमीटर, मादीची 64 ते 68. वजन नराचं 22 ते 28 किलो. पण उंची-वजनाने काही ठरत नाही. मुधोळच्या बाजारात सगळ्यात उंच पिल्लू सगळ्यात महाग जातं आणि इथेच गफलत आहे. धावणाऱ्या कुत्र्यात आधी छाती पाहायची: खोल हवी, कोपरापर्यंत उतरलेली, पण रुंद नको. रुंद छाती पुढचे पाय फाकवते. मग कंबर. पाठीवरून हात फिरवला की कमरेच्या दोन्ही बाजूंना भरीव, कडक मांस लागलं पाहिजे, कारण धावताना कुत्र्याचं अंग धनुष्यासारखं वाकतं आणि सुटतं, एका झेपेत दोनदा चारही पाय हवेत असतात, आणि ते सगळं कमरेच्या जोरावर. पंजा लांबट, बोटं आवळलेली. पसरट पंजा काळ्या रानात भेगाळतो. शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसायलाच हव्यात. त्या पाहून ‘उपाशी ठेवलंय हो’ म्हणणारा पाहुणा प्रत्येक घरी असतो आणि त्याचं ऐकून तूप चारणारा मालकही.

मुधोळजवळ तिम्मापूरला बिदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचं श्वान संशोधन व माहिती केंद्र आहे. मुद्दाम वेळ काढून पाहावं. पिल्लांची नोंद ठेवून, जवळच्या नात्यातला संबंध टाळून जोड्या लावण्याचं काम तिथे चालतं, आणि या जातीला सगळ्यात जास्त गरज त्याचीच आहे. 2016 मध्ये इथली पिल्लं मेरठला लष्कराच्या प्रशिक्षणासाठी गेली, 2021 मध्ये हवाई दलाच्या आग्रा तळाला, धावपट्टीवरचे पक्षी हुसकायला. पंतप्रधानांनी 2020 च्या ऑगस्टमध्ये रेडिओवर नाव घेतलं आणि मागणी वाढली. मागणी वाढली की वर्षाला एक वेत घेणारे दोन घेऊ लागतात. मादीची हाडं त्याची किंमत देतात.

गावोगाव पाळणाऱ्यांकडे खाणं अजून जुनंच आहे: ज्वारीची किंवा मक्याची भाकरी दुधात कुस्करून, सकाळी आणि दिवस मावळताना. मोठ्या कुत्र्याला दिवसाला तीन भाकरी, अर्धा-पाऊण लिटर दूध, एखादं अंडं. यावर कुत्रं जगतं, पण धावणाऱ्याला प्रथिनं कमी पडतात, म्हणून आठवड्यातून तीनदा शिजवलेली कोंबडीची पोटं-काळीज किंवा उकडलेले हुलगे घालावेत. वाढत्या पिल्लाला नुसतं दूध-भात आणि दिवसभर साखळी, हे मिश्रण वाईट. पुढचे पाय बाहेर वळतात आणि मग कॅल्शियमच्या बाटल्यांनी काही होत नाही. पिल्लाला मोकळं फिरू द्या, पण दहा महिन्यांच्या आत पूर्ण वेगाने पळवू नका.

धावण्याआधी किमान चार तास काही खायला नाही. भरल्या पोटी पळालेल्या खोल छातीच्या कुत्र्याचं पोट फुगून पीळ पडतो, आणि मग दवाखाना गाठेपर्यंत ते टिकेलच असं नाही. धाप लागून थांबलं की बादलीभर पाणी लगेच प्यायला नको. पोटाखाली, जांघेत, पंज्यांवर ओता आणि प्यायला घोट-घोट द्या. पळाल्यानंतर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी लघवी चहाच्या रंगाची आली, तर ते ‘उष्णता बाहेर पडतेय’ असं नसतं. ताणाने स्नायू फुटून त्याचा रंग मूत्रपिंडातून येतो आहे. त्याच दिवशी डॉक्टर. सवय नसलेलं, वर्षभर अंगणात बसलेलं कुत्रं जत्रेच्या शर्यतीत उतरवलं की हे हमखास घडतं. आणखी एक गोष्ट तालुक्याच्या दवाखान्यात आठवणीने सांगा: या अंगकाठीच्या कुत्र्यांत चरबी नसल्यात जमा, त्यामुळे थायोपेंटोनसारख्या भुलीतून ती फार उशिरा बाहेर येतात. साध्या टाक्यासाठी दिलेल्या नेहमीच्या भुलीने कुत्रं गेल्याची उदाहरणं पाळणाऱ्यांच्या तोंडून ऐकायला मिळतात.

शर्यती म्हणजे शिकारीचा आजचा वारस. सांगली-कोल्हापूर भागातल्या जत्रांतून पुढे मोटारसायकल, तिच्या मागे दोरीला बांधलेला खोटा ससा, तीनेकशे मीटर सरळ पट्टी. काही हौशी लोक मोटर आणि कप्प्यांवर नायलॉनची दोरी फिरवून पांढरी पिशवी पळवतात, मधे वळणं ठेवतात. हा दुसरा प्रकार मला जास्त पटतो. सरळ पट्टीवर विलायती ग्रेहाउंड जिंकतो, नेहमीच. म्हणून कारवानात ग्रेहाउंडचं रक्त घातलं जातं, दोन पिढ्यांत जाड मांडी आणि आखूड दम दिसू लागतो. ते कुत्रं तीनशे मीटर उडतं, आणि अथणीच्या दुपारी, भाकरी-दुधावर, ढेकळांतून किलोमीटरभर गेलं की बसतं. ससा ही परीक्षा फुकट घेत होता: वळण, दम, पंजा, ऊन, सगळं एकदम. ती बंद झाली आणि तिच्या जागी दुसरी कोणी बसवली नाही. जिवंत ससा आणून मैदानात सोडणारे अजूनही निघतात. तो सरळ तुरुंगाचा रस्ता आहे, आणि परीक्षा म्हणूनही खोटा, कारण पिंजऱ्यातून सोडलेल्या बावरलेल्या सशाला त्या रानाची वाट माहीत नसते.

परतीच्या वाटेवर कृष्णेअलीकडे एका वस्तीवर थांबलो. दारात दोन कारवान, एक पश्मी. वस्तीवरच्या तात्यांनी कुत्र्याची दोरी हातात घेऊन बांधापर्यंत नेलं आणि उसाकडे बोट दाखवून म्हणाले, “आता सोडू कुठं? चार उड्या मारल्या की ऊस. आत गेलं की ना कुत्रं दिसतंय, ना कुत्र्याला काही.” त्यांच्याकडे कुत्री आता रानडुकरं हुसकायला आणि पाण्याच्या मोटारीची केबल राखायला आहेत. पण डुक्कर पळत नाही, उलटं फिरतं. सुळ्याने फाटलेली मांडी आम्हाला त्यातल्या एका कुत्र्याची दिसली. पातळ कातडी, खाली चरबी नाही, टाके धरत नाहीत. डुकरासाठी हे कुत्रं कधीच नव्हतं.

पिल्लू घेणार असाल तर आठ आठवड्यांच्या आतलं घेऊ नका, कितीही गळ घातली तरी. आई समोर पाहायला मागा; बाप सहसा ‘शेजारच्या गावात’ असतो. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांत, पुढच्या तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळा आठवडे होईपर्यंत, रेबीजची बाराव्या आठवड्यानंतर. याचा कागद हातात घ्या. गाडीत बसवण्याआधी दोन-तीन तास खायला घालू नका, खाली गोणपाट अंथरा, आणि थंडीचे दिवस असतील तर वर जुनी गोधडी, कारण या कातडीला वारा सोसत नाही. वाटेत चहाला थांबलात तर त्याला पाणी द्या. दूध नको, मिरजेपर्यंत पोचेस्तोवर ओकतं.