केरींचे दोन बाप्तिस्मे: क्यू ते नॉर्थॅम्प्टन, डिसेंटरांच्या नोंदींच्या मागावर

पॉलर्सपरी हे नॉर्थॅम्प्टनशरमधले खेडे. १८०५ साली सेरामपूरहून मराठीचे व्याकरण काढणारे विल्यम केरी १७ ऑगस्ट १७६१ रोजी इथे जन्मले. तान्हेपणी त्यांचा बाप्तिस्मा गावच्या पॅरिश चर्चमध्ये (इंग्लंडच्या अधिकृत चर्चच्या स्थानिक शाखेत) झाला. १० जून १७८१ ला त्यांचे लग्न पिडिंग्टनच्या पॅरिश चर्चमध्ये लागले, आणि वधूने सहीच्या जागी फुली मारली. पुढे ५ ऑक्टोबर १७८३ रोजी नॉर्थॅम्प्टनला नेन नदीत त्यांनी पुन्हा बाप्तिस्मा घेतला, या वेळी बॅप्टिस्ट म्हणून. माणूस एक, नोंदी तीन, आणि त्या दोन वेगळ्या पंथांच्या कागदांत. इंग्लंडच्या अधिकृत चर्चपासून फुटलेल्या, म्हणजे डिसेंटर किंवा नॉन-कन्फॉर्मिस्ट, पूर्वजांचा माग काढताना हे उदाहरण सतत डोळ्यांपुढे ठेवावे. पंथ कोणता हे विचारण्याआधी त्या वर्षी कायदा काय होता ते विचारायचे.

लग्नाचा मुद्दा तर सरळच आहे. २५ मार्च १७५४ पासून १ जुलै १८३७ पर्यंत क्वेकर (डिसेंटरांचाच एक पंथ) आणि ज्यू सोडून सगळ्यांना पॅरिश चर्चमध्येच लग्न लावावे लागे, नाही तर ते कायद्याने लग्नच नव्हे. म्हणून या ८३ वर्षांतले लग्न चॅपेलच्या (डिसेंटरांच्या प्रार्थनाघराच्या) वहीत शोधत बसणे हा वेळेचा अपव्यय. उलट पॅरिशच्या वहीत सह्या आणि साक्षीदार मिळतात, आणि साक्षीदारांची नावे पुष्कळदा चॅपेलच्या सभासदयादीत पुन्हा भेटतात. तो धागा सोडू नये.

आपल्याकडे त्र्यंबकेश्वरी गाव आणि आडनाव सांगितले की तीर्थोपाध्याय नेमकी वही काढतात. इथे तशी गावाची वही नसते. चॅपेलची वही अनेकदा पाद्र्याची खासगी मालमत्ता समजली जाई. पाद्री दुसऱ्या गावी गेला की वहीही त्याच्याबरोबर जाई आणि तो नव्या गावच्या नोंदी त्याच वहीत पुढे चालू ठेवी. मेथडिस्ट पंथाची वही तर अख्ख्या सर्किटची, म्हणजे एका पाद्र्याच्या फिरतीतल्या कितीतरी खेड्यांची मिळून असते. म्हणून गावाच्या नावावर शोधून काही निघाले नाही तर आसपासच्या मोठ्या बाजारगावाचे नाव टाकून पाहावे.

पहिला मुक्काम लंडनमधल्या क्यूच्या नॅशनल आर्काइव्हजचा, म्हणजे सरकारी दफ्तरखान्याचा. डिस्ट्रिक्ट लाइनने क्यू गार्डन्स स्टेशनला उतरायचे, तिथून दहाएक मिनिटे चालत. रविवार-सोमवार बंद. मूळ कागद हाताळायचे असतील तर वाचकाचे तिकीट लागते. त्यासाठी नावाचा एक आणि पत्त्याचा एक असे दोन पुरावे जवळ ठेवावेत. आत फक्त पेन्सिल, पेन नाही. नागरी नोंदणी १८३७ ला सुरू झाल्यावर सरकारने चॅपेलांच्या जुन्या वह्या मागवून घेतल्या आणि १८४० च्या कायद्याने त्या पुरावा म्हणून ग्राह्य धरल्या. त्या 'आरजी ४' या मालिकेत आहेत. १८५७ च्या दुसऱ्या मागणीत आलेल्या 'आरजी ८' मध्ये. क्वेकरांच्या 'आरजी ६' मध्ये. या मालिकांची चित्रे इंटरनेटवर असल्यामुळे मूळ वही सहसा हाती देत नाहीत. एवढ्यासाठी विमानाचे तिकीट काढू नये. वाचनालयातल्या संगणकांवर मात्र एरवी पैसे पडणारी वंशावळीची संकेतस्थळे फुकट उघडतात, आणि एका दिवसात त्यांवर बरेच काम उरकते.

'आरजी ५' वर जरा थांबायला हवे. प्रेस्बिटेरियन, इंडिपेंडंट आणि बॅप्टिस्ट या तीन पंथांनी आपल्या मुलांच्या जन्मांची एक मध्यवर्ती नोंदणी १७४२ मध्ये उभी केली. ती लंडनच्या डॉ. विल्यम्स लायब्ररीत चाले आणि १८३७ ला बंद होईपर्यंत तिथे ५०,००० च्या घरात जन्म नोंदले गेले. नाव लायब्ररीचे असले तरी कागद क्यूला आहेत. त्यासाठी लायब्ररीचा पत्ता शोधत फिरू नये. या दाखल्यांत आईच्या माहेरचा उल्लेख असतो, आणि पॅरिशच्या बाप्तिस्मा-नोंदीत तो क्वचितच मिळतो. चुकतात ते तारखेत. आईबाप एकाच दिवशी पाच-सहा मुलांची नोंद करून टाकत, त्यांतले थोरले कधी वीस वर्षांचेही असे. म्हणजे नोंदणीची तारीख वेगळी, जन्माची वेगळी. अनुक्रमणिकेत दिसणारे वर्ष कोणते, ते चित्र उघडूनच ठरवावे. मेथडिस्टांचीही अशीच एक नोंदणी १८१८ ते १८३८ चालली. तीही याच मालिकेत आहे.

बॅप्टिस्टांच्या बाबतीत आणखी एक फसगत ठरलेली. ते तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देत नाहीत. वहीत सापडेल तो जन्म. बाप्तिस्मा मोठेपणीचा, आणि तो सभेच्या इतिवृत्तात. अनुक्रमणिका बनवणाऱ्यांनी दोन्ही एकाच रकान्यात कोंबलेले असतात, मग आजोबा नातवाएवढे होऊन बसतात.

क्वेकरांसाठी त्यांच्याच फ्रेंड्स हाउसचे ग्रंथालय लंडनच्या युस्टन स्टेशनच्या समोरच आहे. क्वेकर महिन्यांची नावे घेत नसत, आकडे लिहीत. १७५२ पूर्वी त्यांचा पहिला महिना मार्च. त्यामुळे '१७३० चा दुसरा महिना' म्हणजे एप्रिल, फेब्रुवारी नव्हे. तेव्हा वर्षच २५ मार्चला बदलत असे, म्हणून जानेवारी ते मार्चच्या तारखा '१७२४/५' अशा दुहेरी उतरवून घ्याव्यात. संगणकाच्या वंशावळ-प्रणाली महिन्याचा 'दुसरा' हा आकडा निमूटपणे फेब्रुवारी करून टाकतात. क्वेकर घराणे अचानक वह्यांतून नाहीसे झाले तर मासिक सभेची इतिवृत्ते पाहावीत; पंथाबाहेर लग्न केल्याबद्दल सभेने काढून टाकल्याचा ठराव तिथे मिळण्याची शक्यता असते.

दफनासाठी लंडनच्या सिटी रोडवरचे बनहिल फील्ड्स हे डिसेंटरांचे दफनस्थान पाहायलाच हवे. ओल्ड स्ट्रीट स्टेशनपासून ते जवळ आहे. बनियन, डीफो आणि ब्लेक हे लेखक तिथेच पुरले आहेत, समोर मेथडिस्टांचे संस्थापक वेस्ली यांचे १७७८ चे चॅपेल. १८५४ ला हे दफनस्थान बंद झाले. बहुतेक थडगी कुंपणाआड असतात आणि पुष्कळांवरची अक्षरे झिजली आहेत, त्यामुळे नाव वाचता येईल या आशेवर जाऊ नये. नोंदी 'आरजी ४' मध्ये वाचाव्यात. खेड्यातल्या डिसेंटरांना मात्र बहुधा पॅरिशच्या आवारातच पुरले जाई, कारण दुसरी जागाच नसे. १८८० पर्यंत तिथे अधिकृत चर्चच्याच विधीने पुरावे लागे. पॅरिशच्या वहीत दफन दिसले म्हणून माणूस चॅपेलचा नव्हता असे ठरत नाही.

शेवटचा दिवस नॉर्थॅम्प्टनचा. युस्टनहून रेल्वेने साधारण तासाभराची वाट. रेकॉर्ड ऑफिस शहराच्या दक्षिणेला वूटन हॉल पार्कमध्ये आहे. जायच्या आधी वेळ ठरवून मागणी नोंदवावी. इंटरनेटवर नसलेले खरे धन अशा जिल्हा-कार्यालयांत असते: सभासदयाद्या, इतिवृत्ते, विश्वस्तपत्रे, रविवारच्या शाळेचे हिशोब. विश्वस्तपत्रात प्रत्येक विश्वस्ताचा धंदा आणि गाव लिहिलेले असते. एखाद्या विणकराचे किंवा चांभाराचे नाव कितीही सामान्य असले तरी एवढ्यावरून तो ओळखू येतो. गावात कोणकोणती चॅपेले होती हे ३० मार्च १८५१ च्या धार्मिक गणनेवरून कळते. ती क्यूला 'एचओ १२९' मध्ये आहे. ती आधी पाहून ठेवली तर नॉर्थॅम्प्टनला नेमक्या कागदाची मागणी करता येते. जुने हस्ताक्षर अडले तर मोडी शिकताना करतो तेच करावे: त्याच लेखनिकाच्या ओळखीच्या नावांवरून अक्षरांचा तक्ता करायचा, मग अवघड शब्द.

पॉलर्सपरी, पिडिंग्टन आणि मोल्टन (केरी इथल्या बॅप्टिस्टांचे पाद्री होते) ही गावे शहराच्या तीन वेगवेगळ्या दिशांना आहेत. बसने तिन्ही एका दिवसात होत नाहीत, गाडी भाड्याने घ्यावी. खेड्यातली चर्चे पूजेच्या वेळेखेरीज कुलूपबंदही असू शकतात, तेव्हा आधी विचारून जावे. आणि जुन्या वह्या आता चर्चमध्ये नसतात, रेकॉर्ड ऑफिसात असतात; म्हणून सकाळ तिथे, गावे दुपारनंतर.