अमळनेरात बसून शार्क कसे मोजता?

हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत येतो, बँकेच्या रांगेत येतो, सुरत पॅसेंजरमध्ये तर हमखास. आमचे एक मामा सरळ अहिराणीतच उडवतात, "आठे कोठे शे रे समुद्र?" नाहीच. आपली तापी जाऊन मिळते तो समुद्र सुरतेच्या पुढे. मी शार्क मोजतो ते रात्री जेवणं आटोपल्यावर, लॅपटॉपवर.

संशोधक किनाऱ्याजवळच्या पाण्यात एक चौकट सोडतात. तिच्यावर कॅमेरा आणि समोर दांडीला तेलकट माशाच्या चुऱ्याची थैली. तास-दीड तास चित्रीकरण होतं. ते बसून बघायचं काम आमच्यासारख्या स्वयंसेवकांचं. सुरुवातीला वाळू उडते, मग बारके मासे थैलीला टोचा मारायला लागतात, एखादी वाम दगडातून येऊन थैलीला लोंबकळते. आणि मध्येच सगळे बारके मासे एकदम पांगतात. अशा वेळी मी चहाचा कप खाली ठेवतो, कारण पुढच्या काही सेकंदांत पडद्याच्या कडेला शेपटी दिसण्याची शक्यता असते.

शेपटी दिसली की मोजणी सुरू, पण ती वाटते तशी नाही. तोच शार्क पाच वेळा समोरून गेला तर पाच धरायचे नाहीत. पडद्यावर एकाच क्षणी जास्तीत जास्त किती दिसले तेवढाच आकडा लिहायचा. त्यामुळे आकडा खऱ्यापेक्षा थोडा कमी भरतो, पण फुगत नाही. मला हा नियम फार आवडतो. आपल्याकडे सभेची गर्दी मोजणाऱ्यांनाही लावावा. शार्कची जात ओळखता आली नाही तर तसं लिहायचं, अंदाज ठोकायचा नाही. तोच व्हिडिओ दुसरं कोणीतरी स्वतंत्रपणे बघतं आणि आमचं जुळलं नाही तर तज्ज्ञ निकाल देतात.

"मग शास्त्रज्ञ स्वतः का बघत नाहीत?" कारण पसारा. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक पाहणीत ३७१ प्रवाळभित्तींवर असे कॅमेरे सोडले होते, चित्रीकरण पंधरा हजार तासांच्या वर. त्यातल्या जवळपास वीस टक्के ठिकाणी शार्क दिसलेच नाहीत. म्हणजे कोणीतरी तासन्‌तास रिकामं पाणी बघून प्रामाणिकपणे शून्य लिहिलं, तेव्हा हे कळलं. खरं सांगतो, शून्य लिहायला कंटाळा येतो. पण शार्क उशिरा वयात येतो, पिल्लं थोडी देतो. एकदा कमी झाला की भरून यायला वर्षं जातात, म्हणून ते शून्य वेळेवर कळलेलं बरं.

तरी खरे स्वयंसेवक मी नव्हे, गुजरातच्या किनाऱ्यावरच्या वेरावळचे मच्छीमार. तिथं पूर्वी व्हेल शार्क मारून त्याच्या यकृताचं तेल लाकडी होड्यांना चोपडत. २००१ मध्ये त्याला वन्यजीव कायद्याचं संरक्षण मिळालं. पुढे रामकथाकार मोरारीबापूंनी लोकांना समजावलं की ही बाळंतपणाला माहेरी आलेली लेक आहे. आखाजीला लेकींची वाट बघणाऱ्या खान्देशाला हे वेगळं सांगायला नको. आता जाळ्यात सापडला तर मच्छीमार स्वतःचं महागडं जाळं कापतात, त्याला सोडतात आणि फोटो काढून ठेवतात. त्या फोटोवर वनखातं जाळ्याची भरपाई देतं. फोटोत कल्ल्यांमागचे ठिपके नीट आले तर आणखी एक काम होतं: प्रत्येक व्हेल शार्कची ठिपक्यांची नक्षी वेगळी असते, आणि ती जुळवायला संगणकात खगोलशास्त्रज्ञांची ताऱ्यांचे नकाशे जुळवण्याची पद्धत वापरतात.

आता मामांचा दुसरा प्रश्न, पैसे किती मिळतात. एकही नाही, उलट इंटरनेटचं बिल माझं. तुम्हाला करायचं असेल तर प्राणिशास्त्राची पदवी लागत नाही. थोडं प्रशिक्षण देतात, त्यात नमुन्याचे व्हिडिओ तपासून घेतात. फक्त घाईनं पुढे ढकलत बघायची सवय असेल तर नका येऊ.