आजीचे माहेरचे नाव आणि सॉल्ट लेकचा स्वर्ग

सॉल्ट लेक सिटीच्या दफनभूमीत माझ्या भावाचे शेजारी एका थडग्यापुढे उभे होते आणि त्या थडग्याच्या दगडावर त्यांचे स्वतःचे नाव कोरलेले होते. डाव्या बाजूला त्यांच्या पत्नीचे नाव, जन्मतारीख आणि मृत्यूची तारीख होती; उजव्या बाजूला त्यांचे नाव, जन्मतारीख आणि त्यापुढे कोरी जागा. दोन्ही नावांच्या मध्ये एका मंदिराचे रेखाचित्र होते, त्याखाली ते ज्या दिवशी त्या मंदिरात विवाहबद्ध झाले ती तारीख आणि 'अनंतकाळासाठी' असा शब्द होता. दगडाला वळसा घालून मी मागे गेले तेव्हा तिथे त्यांच्या सहाही मुलांची नावे क्रमाने कोरलेली दिसली. त्यांतली पाच मुले हयात आहेत आणि एक लहानपणीच गेला, हे त्यांनी अगदी शांतपणे सांगितले. आसपास पाहिले तर अशी जोडनावांची, मागे मुलाबाळांची यादी असलेली थडगी त्या डोंगरउतारावर जागोजागी होती.

२०२४ च्या मे महिन्यात मी युटा राज्यात धाकट्या भावाकडे गेले होते. माझे यजमान जाऊन तेव्हा तीन वर्षे झाली होती. त्यामुळे नवनवी स्थळे पाहण्याची फारशी ओढ नव्हती, परंतु ऐंशी वर्षांचे हे शेजारी, जे जन्मापासून मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचे आहेत, मला स्वतःहून म्हणाले, "तुम्हीही एकट्या आहात, मीही एकटा आहे. माझी पत्नी कुठे आहे असे मला वाटते, ते तुम्हाला दाखवतो." पुढचे तीन दिवस ते मला आपल्या मोटारीतून हिंडवत राहिले, आणि त्या तीन दिवसांत मी जे पाहिले आणि ऐकले ते लिहून ठेवणे मला माझे कर्तव्य वाटते. 'मॉर्मन' हे नाव त्यांच्या चर्चने २०१८ पासून आग्रहपूर्वक बाजूला ठेवले असून 'द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स' हे पूर्ण नाव वापरावे अशी त्यांची विनंती असते; मराठी वाचकाला ओळखीचा म्हणून मी येथे जुनाच शब्द वापरते आहे.

ते पत्नीविषयी बोलताना 'वारली' या अर्थाचा शब्द एकदाही वापरत नव्हते. ती 'पडद्यापलीकडे' आहे, असे म्हणत. त्यांच्या श्रद्धेप्रमाणे प्रत्येक जीवात्मा जन्मापूर्वीही ईश्वरापाशी त्याचे अपत्य म्हणून राहत होता; पृथ्वीवर येताना त्याच्या स्मृतीवर पडदा पडतो, आणि मृत्यू झाला की तो आत्मलोकात जातो. हा आत्मलोक म्हणजे अंतिम स्वर्ग नव्हे. तिथे सर्वजण पुनरुत्थानाची, म्हणजे पुन्हा देह मिळण्याची, वाट पाहत असतात. सज्जनांना तिथे विसावा असतो आणि ज्यांना सत्य कळलेच नाही, किंवा कळून ज्यांनी ते नाकारले, त्यांचा भाग बंदिवासासारखा असतो. परंतु त्या बंदिवासाची दारे आतून उघडू शकतात, कारण सज्जनांचे आत्मे तिथे जाऊन शिकवण्याचे काम करतात. शेजाऱ्यांच्या पत्नी प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. "तिला तिथे रिकामा वेळ मिळत असेल असे मला वाटत नाही," ते म्हणाले.

आत्मलोकातील या शिकवणीचे वर्णन ज्यांच्या दर्शनातून आले ते जोसेफ एफ. स्मिथ याच दफनभूमीत पुरलेले आहेत. ते या चर्चचे सहावे अध्यक्ष होते. १९१८ च्या जानेवारीत त्यांचा कर्ता मुलगा वारला. बाहेर पहिले महायुद्ध चालू होते आणि इन्फ्लुएन्झाची साथ पसरत होती. त्या वर्षी ३ ऑक्टोबरला आजारपणात शास्त्रवचन वाचीत असताना त्यांना मृतांच्या लोकाचे दर्शन झाले असे त्यांनी सांगितले, आणि १९ नोव्हेंबरला ते स्वतःच त्या लोकात गेले. या पंथातील परलोकाच्या जवळजवळ प्रत्येक शिकवणीमागे असे एखादे ताजे दुःख उभे आहे, हे मला तिथेच प्रथम जाणवले.

दफनभूमीतून आम्ही शहराच्या मध्यभागी टेम्पल स्क्वेअरला गेलो. तेथील मुख्य मंदिराचे बांधकाम १८५३ मध्ये सुरू होऊन १८९३ मध्ये, म्हणजे चाळीस वर्षांनी, पूर्ण झाले. आम्ही गेलो तेव्हा भूकंपापासून संरक्षणासाठी चाललेल्या मोठ्या दुरुस्तीमुळे ते २०१९ च्या अखेरीपासून बंद होते आणि त्याभोवती मचाणे व क्रेन उभ्या होत्या. त्या मचाणांच्या फटींतून शेजाऱ्यांनी मला भिंतीवरील कोरीव दगड दाखवले: तळाशी पृथ्वी, त्यावर चंद्राच्या कला, त्याच्या वर सूर्य, आणि त्याहून वर तारे.

सूर्य, चंद्र आणि तारे हीच त्यांच्या स्वर्गाच्या तीन विभागांची उपमा आहे. बायबलमधील करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात सूर्याचे तेज वेगळे, चंद्राचे वेगळे आणि ताऱ्यांचे वेगळे असे पौलाने म्हटले आहे. १६ फेब्रुवारी १८३२ रोजी ओहायो राज्यातील हायरम या गावी, जॉन जॉन्सन यांच्या शेतघरात, पंथाचे संस्थापक जोसेफ स्मिथ आणि त्यांचे सहकारी सिडनी रिग्डन यांना जे दर्शन झाले असे मॉर्मन मानतात, त्यात या वचनाचा उलगडा आहे. सूर्यासारखे तेज असलेला सर्वोच्च विभाग 'सिलेस्टियल', जिथे साक्षात पिता ईश्वराचे सान्निध्य लाभते. चंद्रासारखा 'टेरेस्ट्रियल', जिथे चांगले, परंतु जगाच्या मायेने डोळे झाकलेले लोक जातील. ताऱ्यांसारखा 'टिलेस्टियल', जिथे खोटे बोलणारे, व्यभिचारी आणि दुर्जन आपल्या पापांचे भोग पूर्ण भोगून अखेरीस पोहोचतील. या सर्वांत खालच्या विभागाचे वैभवही मानवी कल्पनेपलीकडचे आहे असे त्या दर्शनाच्या वर्णनात म्हटले आहे. पूर्ण ज्ञान होऊनही ईश्वराशी जाणूनबुजून वैर धरणाऱ्या अगदी थोड्यांनाच बाहेरच्या अंधारात टाकले जाते.

कायमचा नरक जवळजवळ रिकामा करणारी ही कल्पना १८३२ च्या अमेरिकेत साधी नव्हती. पुढे सॉल्ट लेक सिटीची स्थापना करणारे ब्रिगहॅम यंग यांनादेखील ती प्रथम ऐकली तेव्हा पचली नव्हती आणि तिच्यावर पुष्कळ चिंतन करावे लागले होते, असे त्यांनीच सांगून ठेवले आहे. मला मात्र त्या तीन तेजांपाशी आपले श्राद्ध आठवले. पिता वसुरूप, पितामह रुद्ररूप आणि प्रपितामह आदित्यरूप असे आपण म्हणतो, आणि पिढी जितकी दूर जाते तितकी ती सूर्याजवळ पोहोचते. दोन्ही कल्पनांचा उगम एक नाही आणि त्यांचा अर्थही एक नाही, तरीही नाशिकला रामकुंडावर यजमानांचे पहिले श्राद्ध झाले तेव्हाचे गुरुजींचे शब्द त्या परक्या चौकात माझ्या कानी आले, हे खरे.

दुसऱ्या दिवशी मला मंदिराच्या आत जाता आले, आणि हा योग दुर्मीळ असतो. मंदिराचे समर्पण झाल्यावर पात्रतेचे कार्ड असलेल्या सभासदांनाच प्रवेश मिळतो. परंतु नवे मंदिर बांधले की समर्पणापूर्वी काही आठवडे ते सर्वांसाठी उघडे ठेवतात. शहराच्या नैऋत्येला टेलर्सव्हिल येथील मंदिर त्या मे महिन्यात असे उघडे होते. दाराशी स्वयंसेवकांनी आमच्या पादत्राणांवर पांढरी आवरणे चढवली आणि छायाचित्रे काढू नयेत असे विनवले.

आत प्रथम लागते ते बाप्तिस्म्याचे कुंड. बारा बैलांच्या पाठीवर ते तोललेले असते, आणि ते बैल म्हणजे इस्राएलाचे बारा वंश. येथे बाप्तिस्मा जिवंत माणसे घेतात, पण मृतांच्या नावाने. बारा-तेरा वर्षांची मुले पांढऱ्या वस्त्रांत कुंडात उतरतात, पूर्वजाचे नाव उच्चारले जाते आणि त्या पूर्वजाऐवजी ते मूल पाण्यात बुडी घेते. याच्या मुळाशीही एक मृत्यू आहे. जोसेफ स्मिथ यांचा थोरला भाऊ अल्व्हिन १९ नोव्हेंबर १८२३ रोजी, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, बाप्तिस्मा न घेताच वारला. आणि अंत्यविधीच्या प्रवचनात धर्मोपदेशकाने तो नरकात गेला असे सूचित केले, ही आठवण त्या कुटुंबाने जन्मभर जपली. १८३६ च्या जानेवारीत ओहायोमधील कर्टलंड येथे जोसेफ यांना सिलेस्टियल राज्याचे दर्शन झाले आणि त्यात अल्व्हिन दिसला, तेव्हा तो तिथे कसा पोहोचला याचे त्यांना आश्चर्य वाटले. त्याच दर्शनात, समज येण्यापूर्वी वारलेली सर्व बालके तिथेच जातात असेही त्यांना कळले. जोसेफ आणि त्यांच्या पत्नी एमा यांची पहिली तीन अपत्ये जन्मानंतर काही तासांतच गेली होती. अखेर ऑगस्ट १८४० मध्ये इलिनॉयमधील नॉव्हू येथे एका अंत्यविधीच्या वेळी जोसेफ यांनी मृतांसाठी बाप्तिस्मा घेता येईल असे जाहीर केले आणि लोक आपल्या गेलेल्या आईवडिलांसाठी मिसिसिपी नदीत उतरले. हे ऐकताना मला गोदावरीच्या पात्रात ओंजळीने पाणी सोडणारी माणसे दिसत होती.

वरच्या मजल्यावर 'सीलिंग'च्या, म्हणजे नाती अनंतकाळासाठी बांधण्याच्या विधीच्या, खोल्या आहेत. मध्ये एक मऊ गाद्यांची वेदी, तिच्या दोन बाजूंना वधूवर समोरासमोर गुडघे टेकतात, आणि दोन समोरासमोरच्या भिंतींवर मोठे आरसे असतात. त्या आरशांत पाहिले की प्रतिबिंबात प्रतिबिंब उमटत दोघांची रांग दोन्ही दिशांना न संपता जाते. येथे झालेला विवाह मृत्यूने तुटत नाही, आणि अशा जोडप्याची अपत्ये त्यांच्याशी अनंतकाळ बांधलेली राहतात, अशी श्रद्धा आहे. सर्वोच्च स्वर्गातील सर्वोच्च पद एकट्याने मिळतच नाही. ते पतिपत्नींनी मिळूनच गाठायचे असते. वडाला दोरा गुंडाळताना आम्ही सात जन्म मागतो, आणि हे लोक जन्मांची संख्याच काढून टाकतात. मी त्या आरशात पाहिले तेव्हा माझ्याच प्रतिबिंबांची रांग दूरवर गेली होती आणि प्रत्येकीत मी एकटीच होते. शेजारी दाराशीच थांबले होते. ते आत आले नाहीत.

मला काही प्रश्न पडले आणि मी ते विचारले. पत्नी वारल्यावर पुरुषाने दुसरा विवाह केला तर दुसरीशीही तो अनंतकाळासाठी बांधला जाऊ शकतो, परंतु हयात स्त्रीला एकाच पतीशी बांधले जाते. ही असमानता त्यांच्यातल्याही अनेक स्त्रियांना बोचते, हे त्यांनी मान्य केले. मुलाने पंथ सोडला तर आईवडिलांना स्वर्गातील त्याची खुर्ची रिकामी दिसू लागते, आणि पंथाबाहेरच्या आईवडिलांना पोटच्या मुलीच्या मंदिरविवाहाला आत बसता येत नाही. नातीच स्वर्ग असतील तर नात्यातला दुरावा किती खोल जखम करीत असेल, याचा विचार मी अजून करते आहे.

शेवटी आम्ही सिलेस्टियल खोलीत पोहोचलो. तिथे कोणताही विधी होत नाही. फिकट रंगाच्या भिंती, स्फटिकाचे मोठे झुंबर, साधे कोच. लोक नुसते बसतात. १८४३ च्या एप्रिलमध्ये जोसेफ स्मिथ यांनी शिकवले होते की आपल्यांत येथे जो स्नेहसंबंध आहे तोच तिथेही असेल, फक्त त्याला अक्षय तेजाची जोड मिळेल. आपल्याकडे मोक्ष म्हणजे पाश सुटणे. मुक्ती नको, संतांचा संग दे असे मागणारी वारकरी परंपरा आपलीच असली, तरी तो संग संतांचा, संसाराचा नव्हे. येथे संसारच उचलून वर न्यायचा आहे. मी त्या कोचावर बराच वेळ बसले आणि, खरे सांगायचे तर, मला मोक्षापेक्षा तेच हवेसे वाटले.

तिसरा दिवस टेम्पल स्क्वेअरच्या पश्चिमेला असलेल्या फॅमिलीसर्च ग्रंथालयात गेला. मृतांसाठी विधी करायचे तर त्यांची नावे हवीत, म्हणून १८९४ मध्ये या चर्चने वंशावळींची संस्था काढली आणि १९३८ पासून जगभरच्या नोंदींचे मायक्रोफिल्म घ्यायला सुरुवात केली. सुमारे २४ लाख रिळे लिटल कॉटनवुड दरीतील डोंगराच्या पोटात खोदलेल्या तिजोरीत ठेवलेली आहेत, आणि मुख्य मंदिराचा दगडही त्याच दरीतून आणलेला आहे. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांचेही त्यांनी चित्रण केले आहे, हे तेथील स्वयंसेविकेने सांगितले तेव्हा मी चकित झाले.

या कामाला एक दुखरी बाजू आहे. ज्यूंच्या संहारात मारल्या गेलेल्यांच्या नावानेही असे बाप्तिस्मे झाल्याचे उघडकीस आले, ज्यू समाज संतापला, आणि १९९५ मध्ये ती नावे काढण्याचा व असे पुन्हा न करण्याचा करार झाला. तरीही त्यानंतर काही नावे पुन्हा सापडली. ज्यांना धर्मासाठीच मारले त्यांना मृत्यूनंतर दुसऱ्या धर्माचा विधी देणे मला अयोग्यच वाटते. शेजारी म्हणाले की मृत आत्म्याला तो विधी नाकारण्याची मुभा असते आणि आता सभासदांनी फक्त स्वतःच्या पूर्वजांची नावे द्यावीत असा नियम आहे. माझ्या माणसांच्या बाबतीत मी तो विधी मान्य केला नसता, हे मी त्यांना स्पष्टपणे सांगितले, आणि त्यांनी ते मनावर घेतले नाही.

स्वयंसेविकेने माझ्यासाठी कोरा वंशवृक्ष उघडला. वडिलांकडच्या तीन पिढ्या मी श्राद्धातल्या क्रमाने सांगितल्या. मग ती आजीवर आली. मी म्हटले, सरस्वती. ती म्हणाली, "हे विवाहानंतरचे की जन्माचे? आम्ही स्त्रियांची नोंद जन्माच्या नावाने करतो." माझ्याकडे उत्तर नव्हते. लग्नात आजीचे नाव बदलले होते, तांदळावर नवे नाव लिहिले गेले होते, श्राद्धातही तेच घेतले जात होते, आणि त्याआधी तेरा-चौदा वर्षे तिला कोणत्या नावाने हाक मारीत, हे मी कधी विचारलेच नव्हते. त्या चौकटीत मी काही लिहिले नाही.

रात्री साडेनऊला, म्हणजे नाशिकला सकाळी नऊला, मी पंचवटीत राहणाऱ्या आत्याला फोन केला. तिचे वय चौऱ्याऐंशी. प्रश्न ऐकून ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "आईला तिच्या माहेरी चंद्रभागा म्हणायचे. तिचा भाऊ आला की दारातूनच हाक मारायचा, तेव्हाच फक्त ऐकलेय मी." फोन ठेवण्याआधी तिने विचारले, "तू कुठे लिहून ठेवते आहेस ना ते?"

मी सांगितले की ठेवते आहे.