पहिली ओळ

निघायच्या आदल्या संध्याकाळी शेजारचे मामा कोकमाच्या तेलाचा गोळा कागदात बांधून घेऊन आले. “झोपताना टाचांना चोळायचं, बाई. पहाटे मोजे चढवायच्या आधी परत एकदा. फोड येत नाही बघा.” मामा तीन आठवड्यांपूर्वीच कार्तिकी करून पंढरपुराहून परतले होते. आम्ही बेळगावकडचे काही ख्रिस्ती लोक नोव्हेंबरच्या शेवटी जुन्या गोव्याला चालत जातो, संत फ्रान्सिस झेवियरच्या ३ डिसेंबरच्या सणासाठी. सगळे त्याला पदयात्रा म्हणतात. मामा मात्र पहिल्यापासून ‘तुमची वारी’ म्हणत आलेत, आणि आता मीही तोच शब्द वापरते.

या मामांचं मी एक देणं लागत होते. काही वर्षांपूर्वी असंच ओट्यावर बसून त्यांनी विचारलं होतं, “बाई, तुमचा देव एकच म्हणता, आणि बाप, लेक, आत्मा अशी तीन नावं घेता. म्हणजे आमच्या दत्तासारखं काय? तोंडं तीन, अंग एक?” मामा नरसोबाच्या वाडीला नेमाने जाणारे. आपल्या काळजातलं उदाहरण काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवलं होतं. मी घाईत होते. “हो, तसंच काहीसं,” म्हणाले. त्यांचं समाधान झालं, माझं नाही. ज्या नावाने माझा बाप्तिस्मा झाला, जे नाव घेऊन मी रोज सकाळी कपाळ, छाती आणि खांद्यांवर क्रुसाची खूण करते, त्या नावाबद्दल एका भल्या माणसाने मनापासून विचारलं आणि मी त्याची बोळवण केली. यंदा ठरवलं होतं, चालताना हाच विचार धरायचा आणि परत आल्यावर मामांना नीट सांगायचं.

बेळगावच्या कॅम्पातून पहाटे निघालो तेव्हा आम्ही चाळीसच्या आसपास होतो. पिरनवाडी मागे पडेपर्यंत अंधारच होता. किणयेच्या पुढे उजाडलं. सुगीचे दिवस, कापलेल्या भाताचे भारे शेतात पडलेले, खळ्यावर मळणी चाललेली. रस्त्याकडेच्या बायका हातातलं काम थांबवून विचारायच्या, “खुठं चाललाय गा सगळी?” गोव्याला चालत, म्हटल्यावर कुणी काकडी आणून द्यायचं, कुणी कळशीतून पाणी ओतायचं. या भागातून दरवर्षी दिंड्या जातात. पायी देवाकडे निघालेल्या माणसाला काय लागतं हे इथल्या घरांना सांगावं लागत नाही.

माळेची प्रार्थना आम्ही चालताचालता म्हणतो. पहिली दहा मण्यांची फेरी कोकणीत, दुसरी मराठीत, तिसरी कन्नडमध्ये, पुन्हा कोकणी. सीमाभागात ज्या भाषांवरून एवढी वर्षं माणसं झिजली, त्या आमच्या माळेत एकाच दोऱ्यात येतात आणि कुणाला काही वाटत नाही. आमच्यातल्या एकाने उत्साहाने फादरांना म्हटलं, “फादर, एकाच देवात तिघं, ते त्रैक्य असंच की! भाषा तीन, प्रार्थना एक.” फादर हसले. म्हणाले, “छान आहे. पण या भाषा एकमेकींशी बोलत नाहीत ना. तिघं बोलतात.”

फादरांचं ते शेवटचं वाक्य माझ्या पायांत अडकलं. मी ते दिवसभर घेऊन चालले.

कुसमळीच्या पुलाजवळ मलप्रभा भेटली. तिथे थांबलो तेव्हा तो मुलगा पहिल्यांदा नीट नजरेत आला. विशी-बाविशीचा असेल. उद्यमबागेत एका फाउंड्रीत कामाला. आमच्या गटातल्या सत्तरी ओलांडलेल्या आज्जींची पिशवी सकाळपासून त्याच्याच खांद्यावर होती, आणि आज्जी त्याला ‘पुता, पुता’ करत होत्या. खानापूर तालुक्यातल्या कोकणी घरातल्या त्या, सगळ्यांनाच पुता, म्हणजे लेकरा, म्हणतात, आणि येशूला जेजू. माझी शिक्षिकेची सवय, वर्गात कोण नुसते ओठ हलवतं ते चटकन कळतं. प्रत्येक फेरीच्या आधी ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ सुरू झालं की हा मुलगा गप्प असायचा. ‘तुझे नाव पवित्र मानले जावो’पासून पुढे मात्र स्वच्छ आवाजात म्हणायचा. आधी वाटलं दम लागला असेल. पण दर वेळी तेच. पहिली ओळ नाही, दुसरीपासून आहे.

जांबोटीच्या पुढे जंगल दाट, अस्वलांची भीती, म्हणून रात्र जांबोटीतच. ज्या घरी उतरलो त्यांची दोन माणसं दर आषाढीला पंढरीला जातात. अंगणात पंगत बसली. गरम भात, मसुराची आमटी, नाचणीची भाकरी. जेवणानंतर शेकोटीभोवती मी फादरांना मामांचा प्रश्न सांगितला, आणि माझं उत्तरही.

फादर म्हणाले, “यार्देन नदीवरचा प्रसंग आठवा.” येशू पाण्यात उभा आहे, योहान त्याला बाप्तिस्मा देतोय. आकाशातून आवाज येतो, हा माझा परमप्रिय पुत्र. आणि आत्मा कबुतरासारखा त्याच्यावर उतरतो. एकाच क्षणी तिघं आहेत. एकच जण तीन चेहरे बदलून येत नाही. सुरुवातीच्या शतकांत काहींनी तसं शिकवलं होतं, की एकच देव कधी पिता म्हणून दिसतो, कधी पुत्र म्हणून, कधी आत्मा म्हणून. चर्चने ते मानलं नाही. कारण मग गेथशेमाने बागेत रात्री येशू घाम गाळत ‘अब्बा’, म्हणजे बाबा, म्हणून हाक मारतो, ती कुणाला? स्वतःलाच? मग ती प्रार्थना नुसता देखावा ठरेल.

नंतर विषय नायसियाला भरलेल्या धर्माध्यक्षांच्या सभेवर गेला. त्या सभेला २०२५ साली १७०० वर्षं झाली. इ.स. ३२५, आजच्या तुर्कस्तानातलं इझनिक गाव. आलेक्झांद्रियाचा एरियस नावाचा धर्मगुरू म्हणत होता की पुत्र थोर खरा, पण निर्माण केलेला; एक वेळ अशी होती की तो नव्हता. सभेने उत्तर दिलं: पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे, जन्मलेला आहे, घडवलेला नाही. पुढे ३८१ साली कॉन्स्टँटिनोपलच्या सभेने पवित्र आत्म्याबद्दलही लिहिलं, की पिता आणि पुत्र यांच्याबरोबर त्याचीही आराधना होते. हे वाद पंडितांचे, आम्हाला त्याचं काय, असं मला पूर्वी वाटायचं. त्या रात्री फादरांनी विचारलं, “बाई, तुमच्या घरी दुःख झालं आणि मोठ्या माणसाने स्वतः न येता निरोप्या पाठवला, तर कसं वाटेल?” एरियस खरा असता तर देवाने आपल्याकडे निरोप्याच पाठवला असता. चांगला, पवित्र, जीव देणारा, पण निरोप्याच. देव स्वतः उंबऱ्याच्या आत आलाच नसता.

त्या रात्री व्हरांड्यात पडल्यापडल्या मला व्याकरण सुचत राहिलं. मी मराठी शिकवते, मला दुसरं सुचत नाही. ‘पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने.’ तीन षष्ठ्या आणि नाव एकवचनी. नावांनी नाही, नावाने. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या शेवटी मूळ ग्रीकमध्येही तो शब्द एकवचनीच आहे. हजारो वेळा म्हटलेल्या वाक्यात तीन आणि एक शेजारीशेजारी ठेवलेले होते, आणि आजवर मी त्यावरून नुसती पुढे गेले होते.

दुसऱ्या दिवशीची वाट चढाची. चढावर माळ म्हणायला दम पुरत नाही, तेव्हा जो तो आपापल्यात चालतो. मी ‘तुझे’ या शब्दावर विचार करत होते. आमच्या घरी आईला ‘तू’ आणि बाबांना ‘तुम्ही’. बाबा घरात आले की आवाज खाली यायचे. बाबा वाईट नव्हते, लांब होते. मराठीत बापाला अहो-जाहो करणारी मुलं प्रार्थनेत मात्र स्वर्गातल्या बापाला सरळ ‘तुझे नाव, तुझे राज्य, तुझी इच्छा’ म्हणतात. मामाही विठ्ठलाला ‘तू’च म्हणतात, आणि वर माउली म्हणतात. ही जवळीक कुठून आली? मी तर ती कमावलेली नाही. मला वाटतं, ती पुत्राकडून आली. जगाच्या आधीपासून पिता पुत्रावर प्रेम करतो, आणि पुत्र पित्याला ‘तू’ म्हणतो. त्या दोघांचं बोलणं कधीपासून चाललंय, याला सुरुवात नाही. देवाला एकटं वाटत होतं म्हणून त्याने माणूस केला, असं काही जण सांगतात. ते मला पटत नाही. तो एकटा कधी नव्हताच. त्याने आपल्याला गरज म्हणून केलं नाही, आणि म्हणूनच आपण त्याच्या उपयोगी पडलो नाही तरी त्याचं प्रेम आटत नाही. वयाच्या पन्नाशीत, कणकुंबीच्या चढावर, पायांत गोळे आलेले असताना मला हे कळलं आणि मी रडले. शेजारून चालणाऱ्या बाईने काही न विचारता पाण्याची बाटली पुढे केली.

कणकुंबीला माउलीच्या देवळापाशी मलप्रभेचा उगम आहे. इथून निघून ती पूर्वेला खानापूरकडे जाते आणि शेवटी कृष्णेला मिळते. याच तालुक्यातल्या डोंगरांत म्हादई उगवते, ती पश्चिमेला जाऊन गोव्यात मांडवी होते आणि जुन्या गोव्याच्या काठाने समुद्राला मिळते. एकाच डोंगररांगेवरचा पाऊस, एका अंगाला पडला तर बंगालच्या उपसागरात, दुसऱ्या अंगाला पडला तर अरबी समुद्रात. जुन्या काळी तेर्तुल्यान नावाच्या आफ्रिकेतल्या लेखकाने त्रैक्य समजावताना झरा, नदी आणि तिचा प्रवाह असा दाखला दिला होता. उगमाजवळ उभं राहून तो दाखला फार गोड वाटतो. पाणी एकच, खरं आहे. पण झरा नदीला हाक मारत नाही. मामांना मी हा दाखला द्यायचा नाही, असं तिथेच ठरवलं.

संध्याकाळी पाय धुताना तो मुलगा शेजारी येऊन बसला. मी मामांचा कोकमाचा गोळा त्याला दिला. तळव्यांना चोळताचोळता आपणहून म्हणाला, “बाई, तुम्ही बघत होता काल. मी पहिली ओळ म्हणत नाही ते.” मी मान हलवली. “तो शब्दच तोंडात येत नाही मला. बाप म्हटलं की आमचाच बाप दिसतोय. पिऊन आला की आईला...” पुढे बोलला नाही. थोड्या वेळाने म्हणाला, “देवावर राग नाही माझा. फक्त त्या नावाने हाक मारवत नाही.”

मला उत्तर आलं नाही. मामांना दिलं होतं तसं उत्तर याला द्यायचं नव्हतं, म्हणून गप्प राहिले. आज्जी पलीकडे माळ ओढत होत्या. त्यांचं लक्ष नसेल असं वाटत होतं. त्या तिथूनच म्हणाल्या, “पुता, तो शब्द तुझा नव्हेच. तो जेजूचा. तो म्हणतो, आपण त्याच्या मागून.”

बस्स, एवढंच. परत माळ सुरू.

प्रेषित पौलाने गलतीकरांना, म्हणजे गलती प्रांतातल्या ख्रिस्ती मंडळींना, पत्रात हेच लिहिलं आहे: देवाने आपल्या पुत्राचा आत्मा आपल्या अंतःकरणात पाठवला, आणि तो आत्मा ‘अब्बा’ अशी हाक मारतो. हाक मारणारा आत्मा. पत्र ग्रीकमध्ये, पण येशूच्या घरच्या अरामी भाषेतला हा शब्द पौलाने तसाच ठेवला. बापाला घरात मारायची ती हाक. म्हणजे प्रार्थनेत मी एका टोकाला आणि देव दुसऱ्या टोकाला, असं नाही. ज्याला हाक मारायची तो देव, ज्याची ती हाक आहे तो पुत्रही देव, आणि माझ्या आत बसून ती हाक उमटवतो तोही देव. मी मध्ये उभी आहे, घरातल्या लेकरासारखी. आणि त्या घरातला बाप आमच्या बापांवरून बेतलेला नाही. आमचे बाप त्याच्यापुढे उभे राहतील, त्या मुलाचाही.

सणाला पोहोचलो, दर्शन झालं, बसने परत आलो. ते सगळं लिहीत बसत नाही.

आल्यावर दुसऱ्याच दिवशी मामांकडे गेले. आधी म्हटलं, “मामा, त्या वेळी मी चुकीचं सांगितलं होतं.” मग यार्देन सांगितली, नायसिया सांगितलं, ‘नावाने’चं एकवचन सांगितलं, आज्जींचं वाक्य सांगितलं. मामांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. दत्ताचा आणि आमचा विचार वेगळा आहे हे त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, “म्हणजे आधीपासून घर भरलेलंच आहे म्हणा. आपल्याला आत बोलवलंय.” आणि लगेच, “त्या पोराचं काय झालं?”

मी त्यांना चोर्ल्याची पहाट सांगितली. तिसऱ्या दिवशी, घाट उतरायच्या आधी. धुकं इतकं की पुढचा माणूस दिसेना, सगळे खांद्याला खांदा लावून उभे. प्रार्थना मराठीत होती. आज्जी एरवी मराठी फेरीला गप्प असतात, कोकणीतच म्हणतात. त्या दिवशी त्या मुलाच्या शेजारी सरकल्या, त्याचा हात धरला, आणि पहिली ओळ मोठ्याने, अडखळत, मराठीत म्हटली. मग थांबल्या.

“तुझे नाव,” तो म्हणाला.