पऱ्हाटीतली साखर

पेपरात अधूनमधून 'कचऱ्यापासून पेट्रोल' असा मथळा येतो आणि त्याच दिवशी वर्धा जिल्ह्यातल्या देवळीहून काकाजींचा फोन येतो. "काहून वं पोरी, पऱ्हाटीतून पेट्रोल निघते म्हणे? मंग आमी काय येडे हाओत का धुऱ्यावर जाळाले?"

पेट्रोल नाही काकाजी, इथेनॉल, म्हणजे अल्कोहोल. आणि निघतं, हे खरं आहे. मी नागपुरातल्या एका कॉलेजात मायक्रोबायोलॉजी शिकवते आणि शेवटच्या वर्षाच्या पोरांकडून हा प्रयोग करून घेते. कच्चा माल काकाजींच्याच वावरातली पऱ्हाटी, म्हणजे कापूस वेचून झाल्यावर उरलेली काडी. पण 'निघतं' आणि 'परवडतं' यांच्यामध्ये बरंच काही आहे, आणि मथळा नेमका तेवढंच गाळतो.

पऱ्हाटी म्हणजे लाकूडच. तिच्यातलं सेल्युलोज ग्लुकोजच्या लांब साखळ्यांचं असतं. ज्वारीतल्या स्टार्चमध्येही ग्लुकोजच, फक्त सांधा वेगळा. स्टार्चचा सांधा आपल्या लाळेला उघडता येतो, सेल्युलोजचा येत नाही. गाईच्या पोटात तो उघडणारे जिवाणू असतात, म्हणून तिला कुटार पचतं. पऱ्हाटीत मात्र या साखळ्यांभोवती हेमिसेल्युलोज (दुसऱ्या साखरांच्या साखळ्या) आणि त्यावर लिग्निन (लाकडाला कडक करणारं द्रव्य) घट्ट बसलेलं असतं. शेळ्या वावरात शिरल्या की पानं, हिरवी बोंडं ओरबाडतात आणि काडी सोडून देतात. सेल्युलोजची साखर करून देण्याचं काम बुरशीचं. पण शेळीने सोडलेली वस्तू तिच्यापुढे ठेवायची, तर आधी थोडी मेहनत आपल्याला करावी लागणार.

पहिली मेहनत दळण्याची. आटाचक्कीवाल्याने पोतं बघूनच हात जोडले. तयार झाला तो तिखट कांडणारा. भुगा झकास झाला, पण त्यात मिरची इतकी उतरली की पोरं आठवडाभर शिंकत होती. (तिखटाने बुरशीवर काय परिणाम होतो, हा प्रश्न एका पोराने मनापासून विचारला. उत्तर म्हणून भुगा धुवायला त्यालाच बसवलं.)

मग कॉस्टिक सोड्याच्या दोन टक्के द्रावणात भुगा भिजवून ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेतल्या प्रेशर कुकरमध्ये, 121 अंशांवर शिजवायचा. झाकण उघडलं की पाणी कोऱ्या चहासारखं काळपट झालेलं असतं. ते सुटलेलं लिग्निन. त्यात ॲसिड घातलं की गढूळ होतं आणि तपकिरी गाळ खाली बसतो, तो आम्ही वेगळा ठेवतो. उरलेला चोथा पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवायचा. हे काम कंटाळवाणं आहे आणि पाणी फार खातं. एवढ्याशा भुग्याला इतकं पाणी, तर कारखान्याला किती, हे पोरांना इथे आपोआप कळतं. म्हणूनच मोठे कारखाने बहुधा सौम्य ॲसिड आणि दाबाखालची वाफ वापरतात. दाब एकदम सोडला की तंतू फाटून मोकळे होतात. पण उष्णता जास्त झाली तर काही साखर जळून फरफ्युरालसारखी द्रव्यं तयार होतात, आणि ती पुढे यीस्टला बाधतात. इकडून वाचवावं तर तिकडून जातं.

आता बुरशी. ट्रायकोडर्मा म्हटलं की काकाजींना हरभऱ्याच्या बियाण्याला चोळायची पुडी आठवते, मर रोगासाठीची. आमची त्याच कुळातली, पण वेगळी: ट्रायकोडर्मा रीसाय. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याचे सुती तंबू आणि कपडे सडायला लागले, आणि सडवणाऱ्या बुरशींमध्ये ही सापडली. सैन्याच्या प्रयोगशाळेत एल्विन रीज आणि मेरी मँडल्स यांनी पुढे तिचा अभ्यास केला. रीज यांचंच नाव तिला 1977 साली मिळालं. सुरुवातीला हेतू तिला थांबवण्याचा होता. नंतर तिचं हे खादाडपणच कामाचं ठरलं. आज सेल्युलोज तोडणारं सेल्युलेज बनवण्यात तिच्याच वंशातल्या जातींचा मोठा वाटा आहे. सुती कापड खाऊन नाव कमावलेल्या बुरशीला विदर्भात आणून पऱ्हाटी खायला घालायची, हा योग मला भारी आवडतो.

सेल्युलेज हे एक एन्झाइम नाही, टोळी आहे. पहिला साखळीला मधूनच तोडतो, दुसरा टोकाकडून दोन-दोन ग्लुकोजच्या जोड्या काढत जातो, तिसरा त्या जोड्या फोडतो. या बुरशीत तिसरा कमी पडतो. मग जोड्या साचतात आणि पहिल्या दोघांचंही काम मंदावतं. म्हणून बाहेरून ॲस्परजिलस या दुसऱ्या बुरशीचा तिसरा आणून भर घालावी लागते.

पोरांना खरी मजा येते ती या टोळीची ताकद मोजण्यात. व्हॉटमन नंबर एकच्या फिल्टर पेपरची 1 बाय 6 सेंटीमीटरची पट्टी कापायची. ती बरोबर 50 मिलिग्रॅम भरते. परीक्षानळीत गुंडाळी करून ठेवायची, बफर (आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण) घालायचा, बुरशीचं गाळलेलं पाणी घालायचं आणि 50 अंशांवर तासभर ठेवायचं. नंतर डीएनएस हे साखर ओळखणारं पिवळं रसायन घालून पाच मिनिटं उकळायचं. साखर नसेल तर पिवळं ते पिवळंच. असेल तर नारंगी, मग विटकरी, मग लालसर तपकिरी. दोन नळ्या शेजारी धरल्या की शेवटच्या बाकावरचं पोट्टंही उठून बघायला येतं. कागद पूर्ण विरघळलेला नसतो, कडा तेवढ्या विसविशीत झालेल्या असतात, आणि तरी पाण्यात साखर उतरलेली असते.

पुढचं काम यीस्टचं, साखर आंबवून इथेनॉल करण्याचं, आणि इथे पंचाईत. एन्झाइमला 50 अंश हवेत, यीस्टला 30-32. दोघांना एकाच भांड्यात नांदवायचं तर 37-38 वर तडजोड होते. नागपूरच्या मे महिन्यात यासाठी हीटरची गरज नाही. उलट कूलर लावून यीस्टला वाचवावं लागतं.

दुसरी पंचाईत मोठी. हेमिसेल्युलोजमधून निघणारी झायलोज ही पाच कार्बनची साखर बेकरीचं यीस्ट आंबवतच नाही. ताटात तशीच टाकून देतं. झायलोज आंबवणारी दुसरी यीस्ट आहेत, पण ती नाजूक. म्हणून लोकांनी जनुकं बदलली. फ्लोरिडात लॉनी इन्ग्रॅम यांनी ई. कोलाय या आतड्यातल्या जिवाणूत झायमोमोनास या दुसऱ्या जिवाणूची जनुकं घालून त्याला दोन्ही प्रकारच्या साखरांपासून इथेनॉल बनवायला लावलं. 1991 साली अमेरिकेचं पन्नास लाखावं पेटंट मिळालं ते याच कामाला.

आता काकाजींचा हिशेब. एक किलो पऱ्हाटीत सेल्युलोज 400 ग्रॅम धरू. साखळी तुटताना जोडलं जाणारं पाणी धरून त्याचं ग्लुकोज होतं 444 ग्रॅम. आंबताना निम्म्याच्या आसपास वजन कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातं, उरतं 227 ग्रॅम इथेनॉल, म्हणजे पावणेतीनशे मिलीच्या थोडं वर. हे कागदावरचं. पानिपतला इंडियन ऑइलचा धानाच्या तणसावर चालणारा कारखाना ऑगस्ट 2022 मध्ये देशाला अर्पण झाला. त्याची जाहीर क्षमता वर्षाला सुमारे दोन लाख टन तणसापासून तीन कोटी लिटर, म्हणजे किलोमागे 150 मिली. आणि तणस पऱ्हाटीपेक्षा मऊ.

"आमच्या जिल्ह्यात तर दारूबंदी हाय," काकाजी म्हणाले, "तुहा कारखाना वर्ध्यात चालन का?" हसले, आणि मग मुद्द्याचं बोलले. पऱ्हाटी चिमट्याने उपटायला मजूर लागतो. ट्रॉली भरली तरी वजन भरत नाही, नुसतीच फुगते. घरी चुलीला काही लागते, कुंपणाला काही लागते. उरलेली जाळायची, कारण फरदड ठेवली (वेचणी संपल्यावरही पीक उभं ठेवलं) किंवा धुऱ्यावर ढीग राहिला तर गुलाबी बोंडअळी पुढच्या हंगामात जाते. म्हणजे माल सगळा दोन-तीन महिन्यांत निघणार आणि कारखान्याला मात्र बारा महिने हवा. माझ्या मते खरी अडचण बुरशीची कमी आणि ट्रॉलीची जास्त आहे. वावराजवळच भुगा करून दाबून पाठवण्याची सोय झाली, तर पुढचं बोलता येईल. तोवर शेतकऱ्याला 'कचरा का जाळता' म्हणून विचारू नये. त्याला भाव कोणी सांगितलेला नाही.

पोरांना आता संत्र्याची साल घ्यायची आहे. सालीत लिग्निन कमी, पेक्टिन भरपूर, शिजवणं सोपं. पण तेलातलं लिमोनीन यीस्टला मारतं, तेव्हा ते आधी वाफेने उडवावं लागेल. आंबिया बहार उतरला की ज्यूसवाल्याकडून पोतं आणू. कांडपवाल्याकडे मात्र नेणार नाही. ओली साल बघून तोही हात जोडेल.